संगमरवरी टेबल : घेताना आणि घेतल्यावर





नवे घर बांधले, घरात लग्नकार्य ठरले, की बैठकीत किंवा जेवणघरात एखादे संगमरवरी टेबल असावे असे अनेकांना वाटते. दुकानात ते पांढरेशुभ्र आणि आरशासारखे चकचकीत दिसते. दुकानदारही म्हणतो, "दगडच आहे साहेब, पिढ्या जातील." दगड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो हे खरेच आहे. परंतु त्याची चकाकी पहिल्याच उन्हाळ्यात, पन्ह्याच्या दोन पेल्यांखाली जाऊ शकते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मग घरात एकमेकांना बोल लावणे सुरू होते. मुलांना रागावले जाते, सून-मुलींना टोमणे मिळतात, दुकानदाराने फसवले असे म्हटले जाते. खरे तर दोष कोणाचाच नसतो. दगडाचा स्वभाव आपल्याला माहीत नसतो, एवढेच.

टेबल हे मध्यमवर्गीय घरातला मोठा खर्च आहे. म्हणून या अंकात संगमरवराचा स्वभाव काय, टेबल निवडताना काय पाहावे आणि घरी आणल्यावर त्याची निगा कशी राखावी, हे क्रमाने पाहू. विद्यार्थ्यांना यात विज्ञान आणि गणित दोन्ही सापडतील.

आपला दगड आणि हा दगड

आपले बुऱ्हाणपूर काळ्या दगडाचे गाव आहे. दख्खनच्या पठारावर कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन जो बेसाल्ट तयार झाला, तोच आपल्या पायाखाली आहे. फारुकी राजवटीतील आपली जामा मशीद, जिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, ती काळ्या पाषाणातच उभी आहे. जाते, पाटा-वरवंटा, उखळ ही आपल्या आजीची साधनेही अशाच काळ्या दगडाची. त्यावर चिंच वाटा, लिंबू पिळा, मीठ रगडा, त्याला काही होत नाही. त्यामुळे "दगड म्हणजे दणकट" अशी आपली पक्की समजूत झाली आहे.

संगमरवर मात्र वेगळ्या कुळातला. समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडीचा दगड जमिनीच्या पोटात उष्णता आणि दाब सोसून पुन्हा स्फटिकरूप झाला, की संगमरवर होतो. रसायनशास्त्राच्या भाषेत तो मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट आहे. शिंपल्यात आणि अंड्याच्या कवचातही हाच पदार्थ असतो. म्हणजे संगमरवर हा चुन्याचाच श्रीमंत भाऊ समजा.

या दगडाशी आपल्या गावाचे नाते करुण आहे. १६३१ च्या जून महिन्यात मुमताज महल बुऱ्हाणपुरातच वारली. तापीपलीकडे झैनाबादच्या आहुखान्यात तिला तात्पुरते दफन केले होते आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिचे पार्थिव आग्र्याला नेले. ताजमहाल इथेच व्हायचा होता, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तो झाला आग्र्याला. आत विटांचा आणि वरून राजस्थानातील मकराण्याच्या संगमरवराचा. कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियललाही मकराण्याचाच दगड आहे. २०१९ साली मकराण्याच्या संगमरवराला जागतिक वारसा-दगड म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. आपण दुकानात टेबलावरून हात फिरवतो तेव्हा याच कुळातल्या दगडावरून फिरवत असतो.

एक थेंब लिंबाचा

संगमरवराचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर, त्याला आंबट चालत नाही. लिंबू, चिंच, कैरी, कोकम, दही, ताक, टोमॅटो, लोणचे, व्हिनेगर, थंड पेये या सर्वांत आम्ल असते. आम्ल कॅल्शियम कार्बोनेटला भेटले की कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे सुटतात आणि दगडाचा वरचा अगदी पातळ थर विरघळतो. पॉलिश असते ते याच थरावर. तो गेला की तिथे निस्तेज, फिकट चट्टा उमटतो.

हा चट्टा म्हणजे डाग नव्हे, हे नीट लक्षात घ्या. डागात बाहेरचा पदार्थ दगडात शिरलेला असतो, म्हणून तो ओढून काढता येतो. आंबटाच्या चट्ट्यात दगडच गेलेला असतो. कितीही घासले, कोणताही साबण लावला तरी गेलेला दगड परत येत नाही. तिथे पुन्हा पॉलिशच करावी लागते.

ज्यांच्या घरी कडप्प्याचा ओटा आहे त्या भगिनींना हा अनुभव नवा नाही. काळ्या ओट्यावर लिंबाची फोड राहिली की पांढरट खूण उमटते. कारण कडप्पा, शहाबादी फरशी आणि कोटा हे तिन्ही चुनखडीच्याच कुळातले आहेत. ग्रॅनाइटचे तसे नाही, त्यावर लिंबाचा परिणाम होत नाही.

कुंडी भंडाऱ्याचा धडा

आता उलट बाजू पाहू. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात झालेला आपला कुंडी भंडारा सर्वांनी पाहिलेला असेल. सातपुड्याच्या उतारावरचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, शंभरावर कुंड्यांमधून, कोणत्याही यंत्राविना केवळ उताराने गावाकडे येते. खाली उतरलात तर भिंतींवर पांढरट जाड पुटे दिसतात. पाण्यात विरघळून आलेला चुना तिथे पुन्हा घट्ट होऊन बसलेला असतो. ही पुटे वाढल्याने वाट अरुंद होते, ही त्या भंडाऱ्याची जुनीच चिंता आहे.

जड पाण्याच्या बोअरिंगवर भरलेला पेला टेबलावर तसाच राहिला की हेच लहान प्रमाणात घडते. पाणी उडून जाते आणि चुन्याचे पांढरे कडे मागे राहते. नळावर, बादलीवर असे पूट जमले की आपण लिंबू किंवा व्हिनेगर लावून काढतो, आणि ते योग्यही आहे. पण संगमरवरी टेबलावर हा उपाय करायला गेलात तर घात होतो. कारण ते पूट आणि खालचे टेबल एकाच पदार्थाचे आहेत. आम्लाला पूट कुठे संपले आणि टेबल कुठे सुरू झाले हे कळत नाही. ते दोन्ही खाते.

म्हणून पाण्याचे कडे पडूच न देणे हाच उपाय. पेल्याखाली बशी ठेवा, आणि ओले झाले की लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या.

टेबल घेण्यापूर्वी

दुकानात जाण्याआधी घरात बसून एका प्रश्नाचे उत्तर द्या : हे टेबल कशासाठी हवे आहे?

बैठकीत फुलदाणी, वर्तमानपत्र आणि पाहुण्यांचा चहा एवढ्यासाठी हवे असेल तर चकचकीत पॉलिशचा संगमरवर चालेल. रोज जेवायला हवे असेल, घरात लहान मुले असतील, तर मॅट फिनिशचा म्हणजे बिनचकाकीचा दगड मागा. त्यावरही आंबटाचा परिणाम होतोच, पण चकाकीच नसल्याने चट्टा फारसा दिसत नाही. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांतली संगमरवरी टेबले आठवा. वर्षानुवर्षे चहाचे कप सोसून त्यांची नवी चकाकी केव्हाच गेली, तरी ती शोभतात. भाजी चिरणे, लिंबू पिळणे, लोणचे घालणे यासाठी जागा हवी असेल तर सरळ ग्रॅनाइट घ्या. मकराण्याच्या मोहात पडू नका.

पोळी लाटण्यासाठी मात्र संगमरवरी पोळपाट उत्तम. कणीक आंबट नसते, आणि दगड हातातली उष्णता लाकडापेक्षा चटकन ओढून घेतो, म्हणून तो थंड लागतो.

दुकानात पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. दगडाची कड पाहा. खऱ्या दगडातील रेघ वरून खाली, जाडीतूनही जाते. रेघ फक्त वरच्या पृष्ठावर असेल तर तो छापील पत्रा किंवा टाइल आहे.

२. खालची बाजू पाहा. तिथे जाळी चिकटवलेली असेल तर दगड नाजूक आहे किंवा त्यात भेगा असू शकतात. जाळी असणे म्हणजे फसवणूक नव्हे, परदेशी पातळ लाद्यांना ती असतेच. पण भाव ठरवताना ही गोष्ट माहीत असावी.

३. नखाने खालच्या बाजूला ओरखडा काढून पाहा. संगमरवरावर नखाचा ओरखडा उठत नाही. उठला तर तो शंखजिऱ्यासारखा मऊ दगड आहे. पर्यटनस्थळी नक्षीच्या वस्तू घेताना ही परीक्षा विशेष उपयोगी पडते.

४. टिचकी किंवा नाणे वाजवून ऐका. अखंड लादीचा आवाज खणखणीत येतो. भेग असेल तर बद्द येतो.

५. पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटे थांबा. तिथे दगड काळपट झाला तर तो पाणी लवकर पितो. उद्या तेल आणि हळदही तितक्याच लवकर पिईल.

६. दुकानदाराची परवानगी घेऊन खालच्या बाजूला लिंबाचा एक थेंब टाका आणि भिंगातून पाहा. बुडबुडे दिसले तर चुन्याच्या कुळातला दगड आहे हे नक्की. ज्या संगमरवरात मॅग्नेशियमचे प्रमाण जास्त असते त्यावर बुडबुडे फार सावकाश येतात, म्हणून या एकाच परीक्षेवर विसंबू नये.

बाजारात राळ आणि दगडाची पूड मिसळून केलेला कृत्रिम संगमरवरही मिळतो. तो वाईट नाही, पण गरम भांड्याने त्यातील राळ पिवळी पडते. हिरवा "मार्बल" म्हणून विकला जाणारा राजस्थानी दगड बहुधा सर्पेंटाइन नावाच्या वेगळ्या खनिजाचा असतो. काय घेतो आहोत त्याचे नाव बिलावर लिहून घ्या.

वजनाचा हिशोब

हा भाग विद्यार्थ्यांनी सोडवायचा आणि पालकांनी लक्षात ठेवायचा आहे. संगमरवराची घनता सुमारे २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. एक चौरस फूट म्हणजे ९२९ चौरस सेंटिमीटर. लादी १८ मिलिमीटर, म्हणजे १.८ सेंटिमीटर जाड असेल तर घनफळ सुमारे १,६७२ घन सेंटिमीटर येते. त्याला २.७ ने गुणले की सुमारे ४,५०० ग्रॅम. म्हणजे दर चौरस फुटाला साडेचार किलो.

आता ५ फूट लांब आणि ३ फूट रुंद जेवणाचे टेबल घ्या. १५ चौरस फुटांचे वजन झाले सुमारे ६८ किलो. हे फक्त वरच्या दगडाचे, पायांचे वेगळेच!

म्हणून टेबलाचा सांगाडा मजबूत हवा आणि दगडाला मधेही आधार हवा. दगड दाब भरपूर सोसतो, पण वाकणे सोसत नाही. लादी आडवी धरून दोन टोकांनी उचलली तर मधोमध तुटू शकते. काचेसारखी उभी धरूनच न्यावी. टेबलाच्या कडेवर मुलांना बसू देऊ नये. एकाच खांबावर नुसती ठेवलेली, पक्की न बसवलेली लादी कलंडली तर मूल जखमी होऊ शकते. घरात लहान मूल असेल तर कोपरे गोल करून घ्या आणि दगड सांगाड्याला नीट बसवला आहे ना, हे हाताने हलवून पाहा. शोभेपेक्षा हे आधी.

रोजची निगा

रोज करायचे काम थोडेच आहे. आधी कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटकावी, मगच ओले फडके फिरवावे. काठिण्याच्या मापनीवर संगमरवरातील कॅल्साइटचा क्रमांक ३ आहे, तर धुळीतल्या वाळूच्या कणांचा ७. धुळीसकट घासले तर आपणच पॉलिशपेपर फिरवल्यासारखे होते. भांड्यांची पावडर, तारेची घासणी, खरखरीत काथ्या यांना टेबलापासून दूर ठेवा.

स्वच्छ करायला कोमट पाण्यात सौम्य द्रवरूप साबणाचे दोन-चार थेंब पुरेत. त्यानंतर साध्या पाण्याचे फडके आणि शेवटी कोरडे फडके. फरशी किंवा शौचालय धुण्याचे अ‍ॅसिड संगमरवराला कधीही लावू नये. आपल्याकडे साफसफाई म्हणजे अ‍ॅसिड अशी सवय आहे, तिने चांगल्या चांगल्या घरांच्या फरशा खराब झाल्या आहेत. आणि एक गंभीर सूचना : अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीच करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. मुलांनी या बाटल्यांना हात लावू नये.

गरम कढई किंवा कुकर थेट दगडावर ठेवू नये. लाकडी पाट किंवा जाड फडके खाली घ्यावे. सणासुदीला समई, निरांजन, हळद-कुंकू यांच्याखाली ताम्हन किंवा तबक हवेच. संगमरवरी देव्हारा असेल तर पंचामृताचा अभिषेक ताम्हनातच करावा, कारण दही आणि मध दोन्ही आम्लधर्मी आहेत. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासायची तर ती मोरीत घासावीत, टेबलावर नाही.

दुकानात "सीलर" नावाचे द्रव्य मिळते. ते दगडाची सूक्ष्म छिद्रे बुजवते, म्हणून तेल-हळद लवकर आत शिरत नाही. ते लावून घ्यावे. पण सीलर लावला म्हणजे आंबटाची भीती गेली असे समजू नका. सीलर डाग अडवतो, चट्टा अडवत नाही.

खूण पडलीच तर

आधी ओळखा, मग उपाय करा. टेबलावर खूण पडली की तिच्यावरून बोट फिरवा आणि तिरप्या उजेडात पाहा.

रंग बदललेला आहे पण चकाकी तशीच आहे, तर तो डाग. चकाकी गेली आहे, रंग मात्र फारसा बदललेला नाही, तर तो आंबटाचा चट्टा. नखाला रेघ लागते, तर तो ओरखडा. चट्टा आणि ओरखडा यांना पॉलिशच हवी. लहान चट्टा संगमरवर पॉलिश करण्याच्या पावडरने जातो, मोठ्यासाठी कारागीर बोलवावा.

डागासाठी लेप हा उत्तम उपाय, आणि तो ताजमहालावरही केला जातो. धूर आणि धूळ बसून ताज पिवळट पडू लागला, तेव्हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९९४ पासून वेळोवेळी त्याच्या भिंतींना मुलतानी मातीचा लेप दिला. ओली माती दगडाच्या छिद्रांतील मळ ओलावते आणि सुकता सुकता तो स्वतःकडे ओढून घेते. नंतर ती काढून शुद्ध पाण्याने दगड धुतात. घरीही हेच करता येते. तेलाच्या डागावर मुलतानी माती किंवा खाण्याचा सोडा पाण्यात दाटसर कालवून बोटभर मोठा थर द्या, वर प्लास्टिकचा कागद ठेवून कडा चिकटपट्टीने बंद करा, आणि एक दिवस राहू द्या. मग कागद काढून लेप पूर्ण सुकू द्या आणि लाकडी चमच्याने अलगद काढा. डाग जुना असेल तर दोन-तीन वेळा करावे लागते.

पांढऱ्या दगडावर हळदीचा डाग असेल तर पाण्याऐवजी औषधाच्या दुकानातील पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये लेप कालवावा. हे काम मोठ्यांनीच, हातमोजे घालून करावे, आणि आधी एका कोपऱ्यात करून पाहावे. रंगीत दगडावर हा प्रयोग करू नये, त्याचा रंग उडू शकतो. लोखंडी तव्याचा गंजट डाग सर्वांत हट्टी. त्याला घरगुती उपाय करत बसण्यापेक्षा जाणकाराला दाखवावे.

ताजचीच आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. कोळसा जाळल्यावर निघणारे वायू हवेतील ओलाव्याशी मिळून आम्ल तयार करतात. आपल्या लिंबाच्या थेंबाने जे होते तेच त्या आम्लाने इमारतीचे होऊ लागले होते. म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजच्या परिसरातील २९२ उद्योगांना नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर दुसरीकडे जा, असा आदेश दिला. एवढी मोठी वास्तू, पण तिची निगा राखण्याचा नियम आपल्या टेबलासारखाच आहे : आम्ल दूर ठेवा.

विद्यार्थ्यांसाठी काम

विज्ञानाच्या वहीत एक तक्ता करा. काळा दगड, कडप्पा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा, संगमरवराचा तुकडा, ग्रॅनाइटचा तुकडा आणि अंड्याचे कवच, ज्यांच्या घरी चालत असेल त्यांनी, असे नमुने गोळा करा. लाद्या कापणाऱ्यांकडे टाकाऊ तुकडे सहज मिळतात, विचारून घ्या. प्रत्येकावर लिंबाचे दोन थेंब टाकून भिंगातून पाहा आणि बुडबुडे आले की नाही ते लिहा. फळ्याचा खडूही तपासा. आजकालचे बरेचसे खडू जिप्समचे असतात, त्यावर बुडबुडे येत नाहीत. का येत नाहीत, ते वर्गात विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा.

मग घरी जाऊन आपले टेबल, ओटा आणि देव्हारा कोणत्या दगडाचा आहे ते ओळखा. कशावर लिंबू चालेल आणि कशावर नाही, ते आईला आणि आजीला सांगा. बहुतेक वेळा त्यांना ते अनुभवाने माहीत असेल. तुम्ही त्यांना कारण सांगाल.

पालकांना एवढीच विनंती, की घ्यायचेच असेल तर दगडाचा स्वभाव ओळखून, घरातील माणसांचा विचार करून घ्या. घेतल्यावर मुलांना टेबलाजवळ यायला बंदी करू नका. त्याच टेबलावर त्यांना गृहपाठ करू द्या, जेवू द्या. फक्त पेल्याखाली बशी ठेवायची आणि सांडले की लगेच पुसायचे, एवढी सवय लावा. तरीही एखादा चट्टा पडेल. पॉलिश पुन्हा करता येते, म्हणून त्यासाठी कोणाचे मन दुखवू नये.

— प्राचार्य